जुनी सायकल, एकच गिअर आणि पुढचा ब्रेक

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लहान मुलांची तीनचाकी सायकल आठवा. तिची पायडलं पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली असतात. मूल पाय हलवतं तशी ती चालते, पाय थांबले की थांबते, उलटे पाय मारले की मागे जाते. उतारावरून कुणी ढकललीच, तर पायडलं गरगर फिरायला लागतात आणि ते शहाणं मूल दोन्ही पाय वर उचलून घेतं. मोठ्यांच्या सायकलीवर आपल्याला ही कसरत करावी लागत नाही. वेग आला की आपण पाय निवांत ठेवतो आणि सायकल आपली आपण धावत राहते. मागच्या चाकातून येणारी ती टिकटिक ऐकली आहे ना? ती फ्रीव्हीलची टिकटिक. फ्रीव्हीलच्या पोटात छोटे खटके असतात. पुढे पायडल मारलं की ते अडकतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबवले की ते दात्यांवरून घसरत राहतात, आणि चाक मोकळं फिरतं.

आता या फ्रीव्हीलला रजा द्या, आणि त्याच्या जागी चाकाला पक्की बसलेली एक साधी दातेरी चकती बसवा. जी सायकल तयार होईल तिला म्हणतात फिक्स्ड गिअर. तरुण मंडळी लाडानं तिला ‘फिक्सी’ म्हणतात. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. मध्ये विश्रांती नाही. आज मला बोलायचं आहे ते अडगळीत पडलेल्या जुन्या रेसिंग सायकलीची अशी फिक्स्ड सायकल थोडक्या खर्चात कशी करायची, याबद्दल. थोडक्या खर्चात म्हणताना पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही, हेही सांगायचं आहे. माझ्या मते या सगळ्या उद्योगात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

ही कल्पना काही नवी नाही. उलट फ्रीव्हीलच नंतर आलं. सुरुवातीच्या सायकली अशाच, पायांना विश्रांती न देणाऱ्या होत्या. फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे जनक आंरी देग्रांज यांचं गिअरबद्दलचं मत मोठं कडक होतं. गिअर बदलणं हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचं काम, खऱ्या खेळाडूनं आपल्या स्नायूंवर भरवसा ठेवावा, असं ते म्हणत. त्यामुळे चालत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या आजच्यासारख्या यंत्रणेला या शर्यतीत थेट १९३७ साली परवानगी मिळाली. तोपर्यंत स्वार काय करीत? मागच्या हबला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या लावीत. घाट आला की खाली उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं!

आजही गोल, उतरत्या कडांच्या ट्रॅकवर ज्या शर्यती होतात, तिथल्या सायकली फिक्स्डच असतात. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेली ‘केइरिन’ ही शर्यत अशाच सायकलींची. २००० साली ती ऑलिंपिकमध्येही आली. आपल्याकडे २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्तानं दिल्लीत लाकडी ट्रॅक उभा राहिला. २०१९ साली जर्मनीत झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत ईसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग या तिघांनी भारताला सांघिक स्प्रिंटचं सुवर्णपदक मिळवून दिलं, तेही अशाच सायकलींवर. या ट्रॅकच्या सायकलींना ब्रेक नसतात. का नसतात आणि रस्त्यावर का असावेच लागतात, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मी आयुष्यभर तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवलं. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत एक व्हाइस आणि चार पाने एवढाच संसार राहिला आहे. गेल्या वर्षी शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा त्याच्या मामाची सायकल घेऊन आला. वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, पुढे दोन आणि मागे पाच चकत्यांची. पुण्यात अशा सायकली जिन्याखाली, गच्चीच्या कोपऱ्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुष्कळ सापडतात. एके काळी या शहराची ओळखच सायकलींची होती. या जुन्या सायकलींचा सांगाडा सहसा धडधाकट असतो. मेलेली असते ती गिअर बदलायची यंत्रणा. तिचे सुटे भाग मिळता मिळत नाहीत, आणि मग चांगला पोलादी सांगाडा भंगाराच्या भावात जातो. मुलाचं म्हणणं होतं, “काका, गिअर सगळे काढून टाकू आणि हिची फिक्सी करू. मोबाईलवर बघितलंय मी. आणि ब्रेकपण काढून टाकू, एकदम साफ दिसते.”

पहिल्या वाक्याला मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्याला म्हटलं, “ब्रेकचं आपण शेवटी बघू. आधी सांगाडा तपासू.”

सांगाडा तपासताना पहिली गोष्ट बघायची ती मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या खाचा. त्या आडव्या किंवा निदान तिरक्या लांबट असाव्या लागतात. गिअरच्या सायकलीत चेनचा ढिलेपणा एक स्प्रिंगची यंत्रणा ओढून धरते. ती काढून टाकल्यावर चेन ताणायची एकच सोय उरते, ती म्हणजे चाक मागे सरकवणं. नव्या गिअरच्या सायकलींत या खाचा बहुधा उभ्या असतात. तिथे चाक मागेपुढे होत नाही, म्हणून त्या या कामाच्या नाहीत. जुन्या सायकलींत खाचा लांबट असतात. जुनं ते सोनं म्हणतात ते इथे अगदी खरं आहे.

दुसरं म्हणजे गंज आणि तडे. क्रँक जिथून जातो त्या सांध्यापाशी पाणी साचतं, तिथे रंग फुगलेला दिसला तर खरवडून बघावं. पुढचा चिमटा बाजूनं बघावा. पूर्वी कधी धडक बसली असेल तर तो मागे वाकलेला दिसतो. वाकलेला चिमटा किंवा तडा गेलेला सांगाडा असेल तर तिथेच थांबावं. त्यावर एक रुपयाही घालू नये.

मामाची सायकल या परीक्षेत पास झाली. मग आम्ही काढायला लागलो. गिअरच्या तारा, दोन्ही तरफा, मागची स्प्रिंगची यंत्रणा, पुढची चेन सरकवणारी पट्टी, सगळं निघालं. पुढच्या दोन चकत्या होत्या ५२ आणि ४२ दात्यांच्या. मोठी काढली, आतली ४२ची ठेवली. एक चकती गेल्यावर तिचे बोल्ट लांब पडतात, ते आखूड आणावे लागतात किंवा वायसर घालून भागवावं लागतं. एवढं झाल्यावर मुलगा सांगाडा उचलून म्हणाला, “काका, अर्धी झाली की!” पण खरं काम आता सुरू होणार होतं. ते होतं मागच्या चाकाचं.

इथे थोडं नीट ऐकायला हवं, कारण सगळा धोका इथेच लपलेला आहे. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं. हे आटे नेहमीचे, म्हणजे उजवीकडे फिरवलं की घट्ट होणारे. तुम्ही पुढे पायडल मारता तेव्हा चेन त्याला आवळतच राहते. म्हणून ते कधी निसटत नाही. उलटं पायडल मारलं तर फ्रीव्हील नुसतं टिकटिकतं, आट्यांवर जोर येत नाही. पण फिक्स्ड सायकलीत वेग कमी करायला आपण पायांनी उलटा जोर लावतो. तो जोर सरळ आट्यांवर येतो आणि चकती सैल व्हायला बघते.

यावर ट्रॅकच्या हबमध्ये एक सुरेख उपाय आहे. त्या हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या पायरीवर चकती बसते, सरळ आट्यांनी. बाहेरच्या लहान पायरीवर एक कडी बसते, तिला लॉकरिंग म्हणतात, आणि तिचे आटे उलटे असतात. म्हणजे चकती सैल होऊन बाहेर यायला लागली, तर ती या कडीला आपल्याबरोबर फिरवू बघते, आणि कडी उलट्या आट्यांची असल्यामुळे त्या फिरण्यानं आणखीच आवळली जाते. दोघी एकमेकींना सोडत नाहीत. उलट्या आट्यांची ही युक्ती तुमच्या रोजच्या सायकलीतही आहे बरं का. डावं पायडल कधी खोललं असेल तर आठवा, ते उलटंच फिरवावं लागतं.

आता आपल्याकडे होतं काय? सायकलच्या दुकानात गेलं की मिस्त्री सांगतो, “कशाला नवीन हब घेता? फ्रीलाच वेल्डिंग मारून देतो, पन्नास रुपयांत काम.” वेल्डिंग मारलं की खटके जाम होतात आणि फ्रीव्हील फिक्स्ड होतं, हे खरं. पण ते बसलेलं आहे सरळ आट्यांवर, आणि हबला लॉकरिंगची पायरीच नाही. चार दिवस सगळं छान चालतं. पाचव्या दिवशी उतारावर, समोर बस थांबलेली बघून तुम्ही पायांनी जोर लावता, आणि चकती आट्यांवरून उलटी फिरते. पाय मोकळे होतात, चाक तुमचं ऐकत नाही. कुणी कुणी जुन्या हबवर चकती बसवून वर क्रँकच्या सांध्यातली कडी आवळतात. तिचे आटे हबला जुळतात, पण तेही सरळच. परदेशातले सायकलवाले असल्या हबला आत्मघातकी हब म्हणतात, त्यात काही अतिशयोक्ती नाही.

म्हणून मी मुलाला सांगितलं, पैसे इथे घालायचे. आम्ही ट्रॅकचा हब मागवला, ३६ भोकांचा, चकती आणि लॉकरिंगसकट. आमची जुनी रिमही ३६ भोकांचीच होती, म्हणून रिम वाचली. जुनं चाक सोडवून नव्या हबवर तीच रिम नवे आरे घालून बांधली. बांधायचं काम मात्र मी माझ्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना दिलं. चाकाचा आऊट काढणं ही हाताची कला आहे, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

हब बसवताना रुंदीचा एक हिशेब असतो. पाच चकत्यांच्या जुन्या सायकलीत मागच्या खाचांमधलं अंतर साधारण १२० मिलिमीटर असतं, सहा चकत्यांच्या सायकलीत १२६. ट्रॅकचा हब १२०चा. तेव्हा आमचा हब आपसूक बसला. तुमच्याकडे १२६चं अंतर निघालं तर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे वायसर घालावेत. नुसते नट आवळून सांगाडा आत दाबू नये.

मग चेनची रेघ. पुढची चकती आणि मागची चकती एका सरळ रेषेत हव्यात. मापायची रीत सोपी आहे. सीटखालच्या उभ्या नळीच्या मध्यापासून पुढच्या दात्यांपर्यंतचं अंतर आणि हबच्या मध्यापासून मागच्या दात्यांपर्यंतचं अंतर सारखं यायला हवं. ट्रॅकच्या हबमध्ये ते ४२ मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि जुन्या रेसिंग सायकलीतली आतली चकतीही जवळपास तिथेच असते. आतली ठेवण्याचं हे एक कारण. चेन आम्ही साध्या सायकलीची जाड घेतली. ती स्वस्त असते, टिकते, आणि बारीक दात्यांवरही चालते. ताण असा ठेवावा की चेनच्या मधोमध बोटानं वरखाली केलं तर एखाद सेंटिमीटर हलावी. फार ताणली तर बेअरिंग खातं. ढिली राहिली तर एखाद्या खड्ड्यात उतरते, आणि फिक्स्ड सायकलीत उतरलेली चेन मागचं चाक जाम करते. हे झालं की माणूस पडतो.

मागची चकती किती दात्यांची घ्यायची, यावर मुलानं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन एक संध्याकाळ घालवली. २७ इंची चाकाचा घेर धरा साधारण २.१५ मीटर. पुढे ४२ आणि मागे १७ दाते असतील तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे अगदी आरामात चालवलं तर ताशी १९ किलोमीटर. जरा जोरात, ९० फेऱ्यांना, ताशी साधारण २९. शहरासाठी उत्तम. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. उतारावर सायकल ताशी ४०ला पोचली, तर पायांना मिनिटाला १२५ फेरे मारावे लागतील. थांबता येणार नाही, कारण पाय सायकलीच्या हाती आहेत. म्हणून मी मुलाला सांगून ठेवलंय, कात्रज आणि दिवे घाट या सायकलीला वर्ज्य.

सोळा किंवा अठरा न घेता सतरा का घेतले, यातही एक गंमत आहे. पायांनी चाक अडवून घसरत थांबायची काही जणांना हौस असते. असं थांबताना पाय नेहमी एकाच स्थितीत असतात, त्यामुळे टायर ठरावीक जागीच घासतो. ४२ आणि १८ या आकड्यांना सहानं भाग जातो, उरतात ७ आणि ३. म्हणजे टायर फक्त तीन जागी झिजणार, आणि लवकरच तिथून धागे दिसायला लागणार. ४२ आणि १६ला दोननं भाग जातो, तेव्हा आठ जागा. ४२ आणि १७ला मात्र कशानंच भाग जात नाही, म्हणून झीज सतरा जागी वाटली जाते. शाळेतला मसावि असा उपयोगी पडेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं!

आता ब्रेक. चाक पायांनी अडवता येतं, मग ब्रेक कशाला, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्याला पटवण्यासाठी मी त्याला एवढंच करायला सांगितलं. दुसरी एक साधी सायकल घे, मैदानावर वीसच्या वेगानं ये, खुणेच्या रेघेवर आधी फक्त मागचा ब्रेक दाब, मग दुसऱ्या फेरीला फक्त पुढचा, बेतानं. दोन्ही वेळा कुठे थांबलास तिथे दगड ठेव. मागच्या ब्रेकनं थांबायला पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागलं. कारण सरळ आहे. थांबताना आपलं सगळं वजन पुढच्या चाकावर जातं. मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. फिक्स्ड सायकलीत पायांची ताकद कितीही असली, तरी ती पोचते फक्त मागच्या चाकापर्यंत. ट्रॅकवर हे चालतं, कारण तिथे सगळे एकाच दिशेनं जातात, कुणाकडेच ब्रेक नसतो, आणि मध्येच रस्ता ओलांडायला कुणी येत नाही. आपल्या रस्त्यावर म्हैस येते, रिक्षा येते, बसमधून उतरून शाळेतलं पोर येतं.

हे नुसतं घाबरवण्यासाठी सांगत नाही. २०१६च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये एक तरुण पुढचा ब्रेक नसलेली फिक्स्ड सायकल रस्त्यावर चालवत होता. रस्ता ओलांडणाऱ्या एका ४४ वर्षांच्या बाईंना त्याची धडक बसली. दोन मुलांची ती आई डोक्याला मार लागून दगावली. ब्रिटनमध्ये १९८३च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या फिक्स्ड सायकलीला पुढच्या चाकाचा ब्रेक असावाच लागतो. २०१७ साली त्या तरुणाला १८ महिन्यांची शिक्षा झाली, ती १८६१ सालच्या, घोडागाडीच्या जमान्यातल्या एका कायद्याखाली. मुलाला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, पुढचा ब्रेक ठेवू. आणि मागचा?” मी म्हटलं, “मागचाही निदान सहा महिने ठेव. पाय तयार झाल्यावर तुझं तू ठरव.” दोन्ही ब्रेक जुनेच ठेवले, पण रबर आणि तारा नव्या घातल्या. जुनी तार तुटते ती नेमकी जोरात दाबताना.

खर्चाचा हिशेब मुलानं वहीत लिहून ठेवला आहे, तो वाचून दाखवतो. हब, चकती, लॉकरिंग मिळून २,२०० रुपये. आरे आणि चाक बांधणावळ ७००. दोन टायर-ट्यूब १,३५०. चेन ३००. ब्रेकचे रबर आणि तारा ३५०. छर्रे, ग्रीस, वायसर, आखूड बोल्ट ३००. पाय पायडलवर धरून ठेवणारे पट्टे ३००. हँडलची पट्टी २००. एकूण ५,७००. रंग दिला नाही, सीट मामाचीच, पायडलं मामाचीच, हँडलही मामाचंच. म्हणजे बघा, हब, टायर आणि ब्रेक यांनाच दोन तृतीयांशांहून जास्त पैसे गेले. चाकाची पकड आणि थांबण्याची हमी यांवर खर्च, आणि दिसण्यावर जवळपास शून्य. तुमच्या गावात भाव थोडे वरखाली असतील, पण वाटणी अशीच ठेवा.

काटकसर म्हणजे हलकं काम, असं कुणाला वाटत असेल तर ग्रॅम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूची गोष्ट ऐका. त्यानं आपली सायकल स्वतःच घडवली होती, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातलं बेअरिंग घातलं होतं. अर्थात तीही ट्रॅकची, फिक्स्डच. १९९३च्या जुलैमध्ये नॉर्वेतल्या हामार इथे एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम करायला तो उतरला. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी, १७ जुलैला, घरी घडवलेली तीच सायकल घेऊन तो पुन्हा उतरला आणि तासात ५१.५९६ किलोमीटर गेला. जागतिक विक्रम! त्यानं धुण्याच्या यंत्रातलं बेअरिंग निवडलं ते स्वस्त म्हणून नव्हे, तर इतक्या वेगानं फिरणाऱ्या यंत्रातलं बेअरिंग चांगलंच असणार, असा विचार करून. हा विचार असला की भंगारातली वस्तूही चालते. तो नसला की नवी वस्तूही घात करते.

सायकल तयार झाली की लगेच रस्त्यावर काढू नका. आठवडाभर मोकळ्या मैदानावर चालवा. पायांना थांबायची इतकी जुनी सवय असते की पहिल्या दिवशी तुम्ही नकळत थांबायला जाता आणि पायडल तुम्हाला सीटवरून उचलून देतं. वेग कमी करायला पाय हळूहळू जड करायचे, एकदम ताठ नाही. गतिरोधक आला तर सीटवरून थोडं उठायचं, पण पाय चालूच ठेवायचे. वळणावर सायकल फार कलती करायची नाही, कारण आतल्या बाजूचं पायडल खाली आलं की रस्त्याला टेकतं आणि ते तुम्हाला वर धरून ठेवता येत नाही. उतरताना आधी पूर्ण थांबायचं, मगच पाय काढायचा.

कपड्यांचंही बघा. साध्या सायकलीत पँटचा काठ चेनमध्ये अडकला तर आपण पाय थांबवून सोडवतो. इथे चाक फिरतंय तोवर चेन कापड ओढतच राहते. ओढणी, साडीचा पदर, बुटाची लोंबती नाडी, सगळं आधी आवरून घ्यायचं. सायकल उलटी करून तेल घालताना, चाक फिरत असताना चेनला फडकं किंवा बोट कधीही लावू नका. दातेरी चकती आणि चेन यांच्यामध्ये बोट सापडलं तर फिरतं चाक थांबत नाही, आणि बोट तुटायला अर्धा सेकंद पुरतो. घरात लहान मूल असेल तर ही सायकल उलटी करून ठेवूच नका. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीही हिच्या वाटेला जाऊ नये. मी स्वतः गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या जुन्या फ्रीव्हीलच्या सायकलीकडे परतलो.

मग एवढं सगळं असताना ही सायकल करायचीच कशाला, असं तुम्ही विचाराल. तो मुलगा सांगतो, की हिच्यावर बसल्यापासून त्याला रस्ता लांबवर बघायची सवय लागली. पुढच्या चौकातला सिग्नल, थांबायच्या बेतात असलेली रिक्षा, हे आधीच हेरून वेग जुळवून घ्यावा लागतो. मला वाटतं त्याला आणखी एक गोष्ट मिळाली. गिअरच्या सायकलीत काय चाललंय हे त्याला कधी कळलं नव्हतं. आता आपल्या सायकलीतला प्रत्येक नट कशासाठी आहे, हे तो सांगू शकतो. यंत्रातले भाग काढत काढत ते समजून घेणं हा शिक्षणाचा फार चांगला मार्ग आहे, आणि तंत्रशाळेत तीस वर्षं शिकवूनही मला इतका स्वस्त धडा दुसरा सापडलेला नाही.

तेव्हा तुमच्या जिन्याखाली अशी एखादी रेसिंग सायकल धूळ खात असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी मागच्या चाकाच्या खाचा बघा. आडव्या असतील तर तिला आशा आहे. सीट, हँडल, रंग, पायडलं यांत हवी तेवढी काटकसर करा. हब मात्र लॉकरिंगवालाच घ्या. वेल्डिंगवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. सायकल चालू झाल्यावर दर रविवारी पाच मिनिटं काढून लॉकरिंग घट्ट आहे ना, चाकाचे नट घट्ट आहेत ना, चेन ढिली झाली नाही ना, हे बघत जा. आणि रोज घराबाहेर पडताना, फाटकापाशीच, पुढचा ब्रेक एकदा दाबून बघा.